कलनशास्त्राची पहिली पायरी : सीमेची संकल्पना

बदलत्या राशींचा अभ्यास करणारी गणिताची शाखा म्हणजे कलनशास्त्र. बदलाचा दर काढणारे अवकलन आणि सूक्ष्म भागांची बेरीज करून एकूण राशी मिळविणारे समाकलन, ही तिची दोन अंगे होत. एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांत अकरावीला ‘सीमा आणि अवकलज’ या प्रकरणाने तिचा प्रारंभ होतो. सीबीएसईच्या बारावीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत ३५ गुण कलनशास्त्रालाच असतात.

अडचण आरंभीच उद्भवते. अकरावीच्या भौतिकशास्त्रात तात्कालिक वेग पहिल्या काही प्रकरणांतच येतो. गणितातील सीमा मात्र पुस्तकाच्या अखेरीस. त्यामुळे अवकलजाचा अर्थ कळण्यापूर्वीच त्याचे नियम पाठ करावे लागतात आणि बारावीत हा पाया डळमळीत ठरतो.

उंचावरून सोडलेल्या दगडाचे उदाहरण घेऊ. त्याने कापलेले अंतर, मीटरमध्ये, सुमारे काळाच्या (सेकंदांच्या) वर्गाच्या पाचपट असते. दुसऱ्या सेकंदाच्या अखेरच्या क्षणी त्याचा वेग किती? एका क्षणात काळ सरत नाही, अंतरही कापले जात नाही. शून्याला शून्याने भागता येत नाही. म्हणून त्या क्षणानंतरच्या अल्प काळातील सरासरी वेग पाहावा. ०.१ सेकंदासाठी तो २०.५, ०.०१ सेकंदासाठी २०.०५, तर ०.००१ सेकंदासाठी २०.००५ मीटर प्रतिसेकंद येतो. वाढीव काळास ‘ह’ म्हटल्यास सरासरी वेग २० + ५ह इतका असतो. ‘ह’ कधीच शून्य होत नाही. पण तो जितका लहान घ्यावा तितका वेग २० च्या निकट जातो. हे २० म्हणजेच सीमा, आणि तोच त्या क्षणाचा वेग.

‘ह’ने भागताना तो शून्य नाही आणि शेवटी मात्र सोडून द्यायचा, हे कसे? ही शंका विद्यार्थ्याच्या अज्ञानाची खूण नव्हे. न्यूटन आणि लायब्निट्स यांनी सतराव्या शतकात कलनशास्त्र उभारले, तेव्हा सीमेची काटेकोर व्याख्या नव्हती. १७३४ मध्ये बिशप बर्कली यांनी नेमका हाच आक्षेप घेतला. १८२१ मध्ये कोशी यांनी सीमेची संकल्पना पायाभूत मानून विषयाची मांडणी केली. तिला पूर्ण काटेकोरपणा त्यानंतर आला. आपल्याकडेही भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केलेला आढळतो.

ज्या शंकेचे निरसन होण्यास विद्वानांना शतकाहून अधिक काळ लागला, तिला वर्गात दोन तासिका देणे अवाजवी नाही. नियमांकडे वळण्यापूर्वी विद्यार्थ्याने असा एक तक्ता स्वतः मांडावा आणि अवयव पाडणे व त्रिकोणमितीची सूत्रे यांची उजळणी करावी. कलनशास्त्रातील पुष्कळ चुका वस्तुतः बीजगणिताच्या असतात. आणि सीमेचा अर्थ उमगला की सूत्रांचे ओझे निम्म्याने हलके होते.