कम्प्युटरचा आवाज होम थिएटरवर कसा घ्यायचा? आणि ‘घूंऽऽ’ कसं घालवायचं?

कम्प्युटरवर सिनेमा लावलाय, घरात होम थिएटरही आहे, पण आवाज मात्र छोट्याशा स्पीकरमधूनच येतोय. दोघांना जोडायला एकच वायर लागते. कोणती, ते मागचे सॉकेट बघून ठरतं. वायर लावण्याआधी दोन्ही वस्तू बंद करा आणि चालू करताना रिसीव्हरचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवा.

जोडायचे तीन मार्ग

1) साधी पिन : कम्प्युटरच्या मागे हिरवं, 3.5 मिमीचं सॉकेट असतं. त्यात एक टोक आणि दुसऱ्या टोकाच्या लाल-पांढऱ्या पिना रिसीव्हरच्या ऑक्स किंवा सीडी इनपुटला. ‘फोनो’ लिहिलेल्या सॉकेटला लावू नका. ते तबकडीच्या प्लेयरसाठी असतं, त्यात आवाज फाटतो. या वायरने दोनच चॅनल मिळतात. रिसीव्हरला सहा पिनांचं 5.1 इनपुट असेल तर हिरवं (पुढचे स्पीकर), काळं (मागचे) आणि नारिंगी (मधला व सबवूफर) अशा तीन सॉकेटमधून तीन वायरी जोडा.

2) ऑप्टिकल : यात वीज नाही, प्रकाश जातो. डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस आवाज असलेल्या सिनेमाचे 5.1 चॅनल यातून जातात. त्यासाठी प्लेयरमध्ये ‘पासथ्रू’ चालू करावं लागतं. गाणी आणि बहुतेक गेम दोनच चॅनलमध्ये येतात.

3) एचडीएमआय : ग्राफिक्स कार्डातून रिसीव्हरच्या ‘इन’ला आणि रिसीव्हरच्या ‘आऊट’मधून टीव्हीला. चित्र आणि आवाज एकाच वायरने, 7.1 चॅनलपर्यंत. इथे आवाज ग्राफिक्स कार्डाकडून येतो, साउंड कार्डाचं काम उरत नाही.

वायर लावूनही आवाज येत नसेल तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये योग्य आउटपुट निवडलंय का, ते आधी बघा.

‘घूंऽऽ’ कुठून येतं?

साध्या पिनेने जोडल्यावर बऱ्याच घरांत सतत घूंऽऽ असा आवाज येतो. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, तीच स्पीकरमधून ऐकू येते. कम्प्युटर आणि रिसीव्हर वेगवेगळ्या बोर्डांवर असले किंवा अर्थिंग कमजोर असलं की असं होतं.

ओळखायचं कसं? लॅपटॉप असेल तर चार्जर काढा. आवाज थांबला तर दोष विजेच्या बाजूचा. टीव्हीची केबल किंवा डिशची वायर काढूनही बघा, कित्येकदा घोटाळा तिथेच असतो.

परभणी जिल्ह्यात यात काळ्या मातीची भर पडते. ही माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते. कोरड्या मातीतून वीज नीट जमिनीत उतरत नाही, त्यामुळे पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग मे महिन्यात कमजोर पडू शकतं. कम्प्युटरच्या लोखंडी कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती त्याचीच खूण समजा.

हा जुगाड करू नका

घूंऽऽ थांबवायला काही जण प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. आवाज थांबतोही. पण वीज गळाली तर जमिनीत उतरण्याची तिची वाट बंद होते. मग ती कॅबिनेटवर थांबते आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. 230 व्होल्टचा हा झटका जिवावर बेतू शकतो.

मग करायचं काय?

- कम्पुटर, रिसीव्हर आणि टीव्ही एकाच बोर्डावर, तीन पिनांच्या प्लगनेच लावा.
- ऑप्टिकलची सोय असेल तर ती वापरा. प्रकाशातून अर्थिंगचा घूंऽऽ येऊच शकत नाही.
- ऑप्टिकल नसेल तर साध्या वायरमध्ये ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची डबी लावा.
- वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडा.

थोडक्यात, घूंऽऽ आला तर वायर बदला, बोर्ड बदला, पण तिसऱ्या पिनेला हात लावू नका.