मोहाच्या मोसमातला उपवासकाळ

होळी नेहमी उपवासकाळातच येते. पंचांग आणि चर्चचं कॅलेंडर एकाच खिळ्याला टांगलं की हे लगेच दिसतं. हिशेबही सोपा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा फाल्गुनातली असते, नाहीतर चैत्रातली. त्या रविवारापासून सेहेचाळीस दिवस मागे मोजले की राखेचा बुधवार. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस दिवसांचा उपवास. या मापात फाल्गुनी पौर्णिमा कुठे ना कुठे सापडतेच. कधी ती उपवासकाळाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पडते, कधी थेट पवित्र आठवड्याच्या तोंडाशी. २०२१ आणि २०२४ या दोन्ही वर्षी झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी आले. सकाळी लोक झावळ्या हातात धरून ‘होसान्ना’ म्हणत चालले आणि त्याच रात्री डोंगरात होळ्यांची तयारी सुरू झाली.

बाकी महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसाला या योगायोगाचं काही वाटत नाही. नंदुरबार जिल्ह्यात वाटतं. इथे, विशेषतः सातपुड्यात, होळी दिवाळीपेक्षा मोठी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात साडेसोळा लाखांच्या आसपास लोक होते आणि त्यांतले सुमारे ६९ टक्के आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी यांचं वर्ष होळीशी येऊन संपतं आणि होळीपासून सुरू होतं. अशा मुलखात कॅथलिक उपवासकाळ कसा रुजला, हा माझ्या कुतूहलाचा विषय. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी झाली, निवृत्तीनंतर इथेच राहिलो, आणि दर रविवारी चर्चमध्ये मागे बसून जे पाहिलं त्यातून हे लिहितो आहे.

मी मूळचा राहुरी तालुक्यातला. आमच्याकडच्या केंदळ गावात १८७८ मध्ये जर्मन जेझुइट फादरांनी काम सुरू केलं, आणि तिथूनच १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ मासिक काढलं. पुढे ते पुण्याचे बिशप झाले. मासिक आजही निघतं. तेव्हा नगरकडचा उपवासकाळ आम्हाला वारशाने मिळालेला, नियमांनी बांधलेला. शुक्रवारी मटण-कोंबडी वर्ज्य, बोंबील चालेल. माझी आजी या सवलतीचा पुरेपूर फायदा घ्यायची. शुक्रवारी आमच्या घरातून सुक्या बोंबलाचा असा वास सुटे की शेजारचे विचारत, “आज तुमचा उपास दिसतोय!” संध्याकाळी क्रुसाची वाट, टाळ-पेटीवर दुःखसहनाची भजनं. कीर्तनाच्या चालीवर येशूची कथा सांगणारे बुवा आमच्याकडे होते, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मराठी ख्रिस्ती माणसाने आपल्या देवाचं दुःख ओवीत ऐकणं ही तशी फार जुनी गोष्ट आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल इथे छापलं गेलं ते १६१६ मध्ये.

नंदुरबारला यातलं काहीच नव्हतं. खानदेशाच्या या पश्चिम टोकाला ख्रिस्ती धर्म आणला तो प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी, त्यातही स्कँडिनेव्हियातून आणि तिथून अमेरिकेत गेलेल्या लोकांतून आलेल्यांनी. नवापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर ख्रिस्ती माणूस म्हणजे आजही मिशनच्या मंडळीतला माणूस. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासूनचं. या मंडळींत ईस्टर मोठा, उत्तम शुक्रवारही मोठा, पण राखेचा बुधवार आणि चाळीस दिवसांचा नेम ही पद्धत नाही. कॅथलिक उशिरा आले आणि थोडेच राहिले. नंदुरबारच्या कोरीट रस्त्यावरचं जेझुइटांचं जनसेवा मंडळ अनेकांना माहीत असतं ते गावोगावच्या कामामुळे. तिथे मिस्सा होते हे कितीकांना ठाऊक नसतं. नाशिक धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला १५ मे १९८७ रोजी, बिशप थॉमस भालेराव हे त्याचे पहिले धर्माध्यक्ष. धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निघाला १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे इथल्या कॅथलिकांना आधी आपला धर्मप्रांत मिळाला आणि मग जिल्हा.

आता नियमांचं बघा. पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये जुने कडक नियम सैल केले. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे उपासाचे दोन दिवस राहिले आणि मांस वर्ज्य करण्याला प्रार्थना किंवा दानधर्म असे पर्याय मिळाले. युरोपातल्या खाटकाच्या दुकानासमोरून रोज जाणाऱ्या माणसासाठी मांस सोडणं हा त्याग होता. धडगावकडच्या पाड्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये ताटात ज्वारीची भाकर, मिरचीची चटणी आणि असलीच तर उडदाची डाळ. कोंबडं कापायचं ते देवाला किंवा पाहुण्याला. अशा घरात जाऊन “शुक्रवारी मांस खाऊ नका” असं सांगणं म्हणजे चेष्टाच. हे पहिल्यांदा ज्या फादरांच्या ध्यानात आलं, त्यांनी मांसाचा विषयच काढला नाही. त्यांनी विचारलं ते मोहाबद्दल.

कारण उपवासकाळ म्हणजे मोहाचा मोसम. मार्च उजाडला की झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करायची आणि पहाटे टपकलेली फुलं बायका-पोरांनी वेचायची. वाळवलेली फुलं बाजारात विकली की मीठ-मिरची सुटते, भाजून खाल्ली की पोट भरतं, आणि आंबवून भट्टी लावली की दारू होते. देवाला धार सोडायची ती याच दारूची. जन्म, लग्न, मरण, पंचायत, सगळीकडे ती असते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरच्या भट्ट्या गुन्हा ठरवल्या आणि पिणाऱ्याला ठेकेदाराच्या दुकानात ढकललं. घरची दारू दुकानाची झाली तेव्हापासून ती कर्जाची झाली, असं माझं मत आहे. तेव्हा इथे उपवासकाळात सोडायची गोष्ट एकच होती, आणि ती चाळीस दिवसांसाठी सोडणं हे मांस सोडण्याच्या शंभरपट अवघड होतं, कारण मध्ये होळी.

पण सोडणं ही कल्पना इथे चर्चने आणलेली नाही, आणि इथल्या उपवासकाळाबद्दल मला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच. अक्कलकुवा तालुक्यात काठी नावाचं गाव आहे. जुन्या मेवासी संस्थानांपैकी एक. तिथली राजवाडी होळी पाहायला आता दूरदूरून लोक येतात, मोरपिसांचे टोप आणि कमरेचे घुंगरू यांचे फोटो काढतात. उंचच उंच बांबूचा दांडा रात्रभराच्या ढोलानंतर पहाटे पेटतो. फोटोत येत नाही ती त्या नाचणाऱ्यांची ‘पालनी’. बावा, बुध्या, मोरखी यांची सोंगं घेणारे पुरुष होळीच्या आधी काही दिवस व्रत धरतात. खाटेवर बसायचं-झोपायचं नाही, जमिनीवर पडायचं. स्वतःच्या हाताने रांधलेलंच खायचं. स्त्रीसंग नाही, अंघोळ नाही. नवस फेडण्यासाठी कुणी ही पालनी वर्षामागून वर्ष करतो. कुठल्याही मठातल्या साधूने मान डोलवावी असे हे नियम आहेत. आणि तिकडे तोरणमाळला महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेसाठी नवसाची माणसं सातपुड्याचे घाट चढून येतात, बहुधा राखेच्या बुधवारच्या आगेमागेच.

दारूचंही तेच. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३७-३८ च्या सुमारास आरती सुरू केली. दारू सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा. निरक्षर समजल्या जाणाऱ्या माणसाच्या या शब्दावर हजारो भिल्ल जमू लागले आणि सावकार, दारूवाले, सरकार सगळ्यांनाच त्याची धास्ती वाटली. महाराज १९३८ मध्येच वारले; त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे नेलं. त्याआधी १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेतून ‘देवी’ची लाट आली होती, तिचा संदेशही दारू सोडण्याचाच. आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा तालुक्यात, अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या काळात, बायकांनी गुत्त्यांवर जाऊन मडकी फोडली. त्या मडकी फोडणाऱ्यांना कुणी उपवासकाळ शिकवला नव्हता.

आमच्या धर्मग्रामात दारू सोडण्याचा नेम टिकला तो या जुन्या पायावर. राखेच्या बुधवारी शपथ वगैरे प्रकार नसे. पाड्यावरच्या बैठकीत एखादी म्हातारी उठून म्हणायची, “आमच्या आईच्या वेळी ‘आप’वाल्यांनी सोडली होती, तुमच्याने चाळीस दिवस होत नाही?” फादरांच्या प्रवचनापेक्षा हा टोमणा जास्त लागायचा. होळीच्या दोन-तीन दिवसांत बरेच जण घसरायचे, पुढच्या शुक्रवारी खाली मान घालून पुन्हा यायचे. एका कडक वळणाच्या फादरांनी होळीला जाणाऱ्या पोरांना क्रुसाच्या वाटेत क्रूस धरू द्यायचा नाही असं ठरवलं होतं. दोन शुक्रवार क्रूस धरायला म्हातारेच उरले, मग नियम आपोआप बारगळला. नंतरच्या फादरांनी होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात स्वतः चक्कर मारायला सुरुवात केली. नाचणं पाप नाही, एवढं एक वाक्य त्यांनी सांगितलं आणि निम्मा तंटा मिटला. माझा कौल या दुसऱ्यांच्या बाजूने आहे.

उपवासकाळाची खरी अडचण होळी नव्हे, ऊस. दिवाळी झाली की या जिल्ह्यातून कोयत्याच्या जोड्या मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत बारडोलीकडे निघतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या खानदेशी तोडणीवाल्यांवर लिहिलं त्याला आता कित्येक दशकं झाली. मुकादम आणि उचल तशीच आहे. म्हणजे राखेच्या बुधवारी धर्मग्रामातला अर्धा माणूस उसाच्या फडात. होळीला मात्र जमेल तो गावी येतो. म्हणून आमच्याकडे राख एका पत्र्याच्या डबीत जपून ठेवलेली असे आणि होळीनंतरच्या रविवारी परतलेल्यांच्या कपाळाला लावली जाई. पूजाविधीच्या पुस्तकात याला आधार नाही. मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली ती राख. झावळ्या म्हणजे ओढ्याकाठच्या शिंदीच्या, नारळ इथे कुठला! काही वर्षं सिस्टर लोक जीपमधून फडावरही जात. पालांच्या मधल्या मोकळ्या जागेत, गाड्या भरून झाल्यावर, रात्री मिस्सा होई. त्या मिस्साला प्रॉटेस्टंट मंडळीतले मावचीही येऊन बसत. फडात कुणी मंडळी विचारत नाही.

क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ मध्ये कायम केली. आमच्याकडे ती भिंतीवर नसत, टेकडीवर असत. बांबूचे क्रूस, वाटेतल्या सागाच्या झाडांना सुतळीने बांधलेले. उत्तम शुक्रवारी घंटा बंद, लाकडी खटखटा वाजायचा. भर दुपारी अनवाणी चढण. हे लोकांना मनापासून आवडायचं; तोरणमाळची चढण ज्याच्या अंगात मुरली आहे त्याला चौदा स्थानं काय. १९६९ मध्ये भारतीय उपासनेसाठी ज्या बारा गोष्टींना रोमची संमती मिळाली (चपला बाहेर, मांडी घालून बसणं, हात जोडून नमस्कार, आरती, उदबत्ती), त्यांवर शहरांतल्या चर्चमध्ये वाद झाले. इथे वाद करायला बाकच नव्हते.

आणि मूठ. उपवासकाळात रोज रांधताना प्रत्येक घरातून मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ईस्टरच्या आधी चर्चमध्ये आणायचं. कारितास इंडियाच्या उपवासकाळातल्या भूकविरोधी मोहिमेची पेटीही फिरायची, पण इथे नाण्यांपेक्षा भगर, ज्वारी, मका जास्त जमे. कुपोषणासाठी ज्या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात येतं, तिथल्या लोकांनी भुकेल्यांसाठी धान्य द्यावं, हे बाहेरून आलेल्या पाहुण्यांना उमगत नसे. देणाऱ्यांना मात्र नेमकं ठाऊक असे की ते कुणाच्या घरी जायचं आहे.

पास्काची रात्र, म्हणजे ईस्टरची आदली रात्र, मी मुद्दाम शेवटी ठेवली. जुन्या काळी या रात्रीचा विधी शनिवारी सकाळीच उरकत. पोप बारावे पायस यांनी १९५० च्या दशकात तो पुन्हा रात्री आणला. चर्चबाहेर नवा अग्नी पेटवून त्यावर पास्काची मेणबत्ती लावायची. शहरात हा अग्नी कोळशाच्या शेगडीत पेटतो. आमच्याकडे पोरं लाकडं रचायला लागली की फादरांना दरवर्षी सांगावं लागायचं, “पुरे रे, ही होळी नाही!”

यातलं बरंचसं कुठे लिहिलेलं नाही. धर्मग्रामाच्या नोंदवहीत बाप्तिस्मे, लग्नं, मयती असतात. डबीतली राख आणि फडातली मिस्सा नसते. या पाड्यांवर पायी फिरून ज्यांनी प्रार्थना शिकवल्या, ते धर्मशिक्षक मास्तर आता ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर येत्या उपवासकाळात त्याच्याकडे जा, वही घेऊन बसा आणि तो सांगेल ते त्याच्याच बोलीत उतरवून घ्या.