गाळून टाकलेल्या गोंगाटाचं घराणं

1990 नंतरच्या काही वर्षांत मेंदूचं एफएमआरआय काढताना माणसाला काहीतरी काम देत. बोटं हलवा, चित्रं बघा. ज्या भागात रक्ताचा ओघ वाढेल तो त्या कामाचा. बाकी सततचे बारीक चढउतार म्हणजे गोंगाट, तो गाळायचा.

अमेरिकेत मिलवॉकीच्या वैद्यकीय महाविद्यालयात भरत बिस्वाल हा संशोधक विद्यार्थी या गोंगाटाच्याच मागे लागला. लोकांना आधी बोटं हलवायला लावून त्याने मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांतल्या हाताच्या जागा हुडकल्या. मग त्यांना यंत्रात नुसतं पडून राहायला सांगितलं. बोट हलत नव्हतं, तरी दोन्हीकडचे संकेत जोडीनं वरखाली होत होते. इतके संथ, की एका हेलकाव्याला दहा सेकंदांहून जास्त वेळ. 1995 साली हे छापून आलं. हा श्वासाचा नि नाडीचा परिणाम, म्हणून अनेकांनी ते बाजूला सारलं. पुढे 2001 मध्ये मेंदूसंशोधक मार्कस रेकल यांनी माणूस रिकामा असतानाच मेंदूचे काही भाग जास्त जागे राहतात, ही ‘डीफॉल्ट मोड’ची कल्पना मांडली, त्यानंतर कुठे या गोंगाटाला पत आली.

मग प्रश्न आला वारशाचा. मेंदूचे दोन भाग असे जोडीनं वरखाली होणं म्हणजे त्यांची जोडणी. ती आनुवंशिक असेल, तर सख्खी भावंडं चुलत भावंडांपेक्षा जास्त सारखी निघायला हवीत. डेव्हिड ग्लान आणि सहकाऱ्यांनी टेक्ससमधल्या मेक्सिकन-अमेरिकन वंशाच्या 29 मोठ्या कुटुंबांतल्या 333 जणांचे स्कॅन तपासले. 2010 मध्ये उत्तर आलं: डीफॉल्ट मोडच्या जोडणीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा सुमारे 42 टक्के वाटा आनुवंशिक. म्हणजे तुमच्या मेंदूचा 42 टक्के भाग आईवडिलांचा, असं नव्हे. हा हिशेब त्या समूहातल्या फरकांचा आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्याच भागांतल्या करड्या द्रव्याची घनताही आनुवंशिक निघाली, पण तिच्यामागचे जनुकीय घटक वेगळे दिसले. घर एकाने बांधलं, आतला राबता दुसऱ्याने ठरवला.

गंमत अशी, की यंत्रात डोकं हलवण्याची सवयसुद्धा काही प्रमाणात आनुवंशिक असते, हे जुळ्यांच्या अभ्यासात दिसलं. डोकं जरा हललं तरी खोट्या जोडण्या उमटतात. म्हणजे घराण्याची चुळबुळ घराण्याचा मेंदू म्हणून खपायची भीती! ती हालचाल हिशेबातून वजा करण्यात संशोधकांचा बराच घाम जातो.

2018 साली यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-माहितीसंग्रहातल्या आठ हजारांवर लोकांचे स्कॅन आणि जनुकं ताडून पाहिली गेली. मेंदूच्या बांधणीची मापं ठळकपणे आनुवंशिक निघाली. विश्रांतीतल्या एकेका जोडणीचा नंबर तळाशी लागला. तेव्हा थुंकीच्या नमुन्यावरून मुलाच्या मेंदूतल्या जोडण्या सांगतो म्हणणारा कुणी भेटला, तर पैसे खिशातच ठेवा.