५ डिसेंबर २०१९ : वेबअसेंब्लीला मानकाचा दर्जा

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ५ डिसेंबर २०१९ रोजी 'वेबअसेंब्ली'ला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांच्यानंतर ब्राउझरमध्ये थेट चालणारी ही चौथी भाषा ठरली. ती सहसा हाताने लिहीत नाहीत. सी, सी प्लस प्लस किंवा रस्टमधला प्रोग्रॅम कंपायलर तिच्या आटोपशीर बायनरी रूपात आणतो. ब्राउझर ते तपासतो, यंत्रभाषेत उतरवतो आणि बंदिस्त कप्प्यात चालवतो. त्यामुळे त्या प्रोग्रॅमला संगणकावरच्या फायलींना परस्पर हात लावता येत नाही.

याआधी असाच एक प्रयत्न म्हणजे गूगलचा 'नेटिव्ह क्लायंट', पण तो क्रोमपुरताच राहिला. मोझिलाच्या अलॉन झकाई यांच्या 'एमस्क्रिप्टेन' कंपायलरने आणि २०१३च्या 'एएसएम डॉट जेएस' या जावास्क्रिप्टच्या मर्यादित रूपाने खरी वाट दाखवली. २०१५मध्ये मोझिला, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल या चार प्रतिस्पर्ध्यांचे अभियंते वेबअसेंब्ली घडवायला एकत्र बसले. तंत्राइतकेच हे एकमतही मोलाचे, कारण ते तंत्र कोणा एका कंपनीच्या मालकीचे झाले नाही. २०१७अखेर चारही प्रमुख ब्राउझरांत ते पोहोचले. १९८२पासून वाढत आलेल्या ऑटोकॅडचा जुना सी प्लस प्लस कोड पुन्हा न लिहिता ब्राउझरमध्ये चालू लागला, तो याच्याच बळावर.