नक्कल मशीन करेल, रुजवात कोण घेणार?

"एआय शिकायचंय, कोणता क्लास लावू?" हा प्रश्न सध्या मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. विचारणाऱ्यांत बारावीची पोरं आहेत आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले गुरुजीही आहेत. मशीन आलं की क्लास, क्लासनंतर परीक्षा आणि परीक्षेनंतर सर्टिफिकेट, हे चक्र महाराष्ट्राने किमान दोनदा फिरवलंय. त्याबद्दल आज सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

टायपिंगच्याही आधी मोडी होती. बोरू कमीत कमी उचलून भराभर लिहायची लिपी. जलद मोडी लिहिणारा कारकून म्हणजे त्या काळातला स्किल्ड माणूस. १९५० च्या सुमारास ती सरकारी व्यवहारातून गेली आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातले लाखो कागद वाचणारे आज मोजकेच उरले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग टाइपरायटर. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला, तेव्हा ती देशाच्या अभिमानाची गोष्ट होती. पुढची चाळीसेक वर्षं तालुक्याच्या प्रत्येक गावात एसटी स्टँडजवळ, पहिल्या मजल्यावर एक टायपिंग इन्स्टिट्यूट असायचंच. खालून जाताना खडखडाट ऐकू यायचा. मराठी ३०, इंग्रजी ४० हे आकडे घराघरात पाठ होते, कारण लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत तीच अट असायची (अजूनही असते). परीक्षा राज्य परीक्षा परिषदेची. डोळे कागदावर, बोटं कीबोर्डवर, मान वळवली की सरांची पट्टी. देवनागरी टायपिंग तर इंग्रजीहून किचकट. बटणं मर्यादित, अक्षरं भरपूर, त्यामुळे अर्धं अक्षर आणि काना जोडून पूर्ण अक्षर बनवायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना आजही झोपेतून उठवून "क्ष कुठे?" विचारलं तर बोट बरोबर जातं.

पण या परीक्षेत नेमकं मोजलं काय जायचं? वेग आणि चुका. मजकूर खरा की खोटा, याच्याशी टायपिस्टचा संबंध नव्हता आणि तशी अपेक्षाही नव्हती. त्यासाठी कचेरीत वेगळी सोय होती. तहसीलमधून जुनी नक्कल घेतली असेल तर शिक्क्यात बघा: 'नक्कल करणार' समोर एक सही आणि 'रुजवात घेणार' समोर दुसरी. एकाने उतरवायचं, दुसऱ्याने मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडून बघायची. चूक निघाली तर रुजवात घेणारा अडकायचा. माझ्या मते आपल्या दफ्तरी परंपरेतली ही सगळ्यात शहाणी गोष्ट आहे, आणि नेमका तिचा क्लास कधी कुणी काढला नाही.

गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं. तोवर आपण दुसऱ्या चक्रात पुरते शिरलो होतो. २००१ मध्ये राज्य सरकारच्या पुढाकाराने एमकेसीएल स्थापन झालं आणि पाठोपाठ एमएस-सीआयटी आलं. दहावीचा पेपर संपला की मे महिन्यात एमएस-सीआयटी, हे मौंजीसारखं ठरून गेलं. या कोर्सची टिंगल करणारे पुष्कळ भेटतात, मी त्यांच्यातला नाही. दिवसातले दहा-बारा तास लोडशेडिंग असायच्या काळात तालुक्याच्या गावात इन्व्हर्टर लावून मराठीतून कॉम्प्युटर शिकवणं ही साधी गोष्ट नव्हती. ज्या घरातल्या पोरीला सायबर कॅफेत पाऊल टाकायची परवानगी नव्हती, ती पोरगी या बॅचला बिनदिक्कत जायची. हे श्रेय द्यायलाच पाहिजे.

घोळ झाला तो सर्टिफिकेट हेच कौशल्य मानल्यामुळे. सरकारी कर्मचाऱ्यांना परीक्षा सक्तीची झाली, मुदतीत पास न झालेल्यांच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या, वसुल्या निघाल्या, प्रकरणं कोर्टात गेली. मग लोकांनी पास होण्यापुरतं पाठ केलं. 'फाइलमध्ये जा, तिसरा पर्याय दाबा.' त्यातच ऑफिस २००७ आलं. वरचा मेनू गायब, त्याजागी रंगीत पट्टी. वही उघडून बसलेले लोक अडले, कारण वहीतला तिसरा पर्याय पडद्यावरच नव्हता. ज्यांना 'आपल्याला करायचंय काय' हे कळलं होतं, त्यांनी दोन दिवसांत बटणं शोधली. त्या वेळी पट्टी बदलायला बरीच वर्षं लागली होती. एआयची साधनं दर काही महिन्यांनी बदलतात. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. तेव्हाच्या 'शंभर जादुई प्रॉम्प्ट'वाल्या पीडीएफ आज कुणी उघडत असेल असं वाटत नाही.

मध्ये केंद्राची ग्रामीण डिजिटल साक्षरता योजनाही येऊन गेली. २०१७ मध्ये सुरू, २० तासांचा कोर्स, सहा कोटींचं लक्ष्य. मार्च २०२४ मध्ये संपली तेव्हा ६.३९ कोटी प्रशिक्षित. आकडा मोठा आहे. पण ऑनलाइन सातबारा काढायला आजही आपण केंद्रावर रांग लावतो, ते का, याचं उत्तर त्या आकड्यात सापडत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने वारस नोंदीचा अर्ज एआयकडून लिहून घेतला. भाषा एक नंबर. 'उपरोक्त विषयास अनुसरून', 'सविनय सादर', सगळं जागच्या जागी. शिवाय एका शासन निर्णयाचा तारखेसकट हवाला. मी म्हटलं, जीआर काढून दाखव. प्रत्येक जीआरला संकेतांक असतो, सरकारच्या साइटवर विभाग आणि तारीख टाकून तो शोधता येतो. शोधला. त्या तारखेला त्या विषयाचा जीआर नव्हता. मशीनने तो रचला होता. पोरगं हुशार आहे, मोबाइलवर त्याचा हात माझ्यापेक्षा दुप्पट चालतो. ताडून बघायचं असतं हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हा अर्ज तसाच गेला असता आणि फेटाळला गेला असता, तर जमिनीची नोंद आणखी काही महिने लटकली असती.

म्हणून क्लास विचारणाऱ्यांना मी आधी स्वतःची परीक्षा घ्यायला सांगतो. तुम्हाला ज्यातलं पक्कं कळतं असा विषय घ्या. द्राक्षाची छाटणी, गावच्या यात्रेचा इतिहास, पतसंस्थेचे नियम, काहीही. त्यावर एआयकडून एक पान लिहून घ्या, प्रिंट काढा आणि लाल पेनने चुका काढा. मशीन कुठे घसरतं, किती आत्मविश्वासाने घसरतं, ते कळेल. मग ज्यातलं काहीच कळत नाही असा विषय घ्या आणि बघा, त्यातली चूक शोधायला तुमच्याकडे मूळ कागद कोणता आहे? कुठे मिळतो? तो वाचता येतो का? इथे अडलात तर शिकायचं ते हे आहे, प्रॉम्प्ट नंतर. आणि हो, आधार नंबर, बँकेचं पासबुक असलं काही त्या खिडकीत टाकायचं नाही.

युरोपियन कमिशनने नागरिकांच्या डिजिटल कौशल्यांचा आराखडा २०१३ मध्ये काढला, २०२२ च्या आवृत्तीत एआयची उदाहरणं घातली. त्यात पाच क्षेत्रांपैकी पहिलं क्षेत्र माहिती शोधणं आणि पारखणं हे आहे. टायपिंगचा वेग त्यात नाही.

आता मोडीचं. मोडी कागद वाचणारी एआय साधनं बनवायचे प्रयत्न चालू आहेत, आणि व्हायलाच हवेत, एवढे कागद माणसांच्या हातून होणार नाहीत. पण मशीनने उद्या तुमच्या पणजोबांच्या इनामाचा कागद वाचून दाखवला, तर तो बरोबर वाचला की नाही हे सांगणारा माणूस आपल्या तालुक्यात आहे का? मी चौकशी केली. सध्या एकच नाव मिळालंय, वय ७८. त्यांना विचारून वाचनालयात मोडीचा छोटा वर्ग घ्यायचा विचार आहे. पंधरा जण जमले तर सुरू करू. यायचं असेल त्यांनी खाली लिहा, आणि सोबत तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटचं नाव आणि साल टाका, ती यादीही मला करायचीय.