खऱ्या कळा आणि खोट्या कळा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्यारोहणे उभी राहतात. माजघराच्या दाराआड जे निर्णय घेतले गेले, त्यांचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. आज त्यांपैकी एकाच निर्णयाविषयी बोलावयाचे आहे. दिवस भरत आलेल्या स्त्रीचे पोट रात्री कडक होते, कंबर भरून येते, आणि घरात प्रश्न उभा राहतो : ही बाळंतपणाची सुरुवात, की नुसती हुलकावणी?

प्रश्न साधा दिसतो; पण चूक कोणत्याही बाजूने झाली तरी ती महाग पडते. हुलकावणीला सुरुवात समजले, तर घाई होते, आणि बाळंतपणातली घाई आईच्या आणि बाळाच्या अंगावर येते. खऱ्या कळांना हुलकावणी समजले, तर बाळंतपण वाटेतच होते. म्हणून सर्व काळांतील सुइणींनी आणि वैद्यांनी या प्रश्नाशी झुंज घेतली आहे.

आपल्याकडील प्राचीन वैद्यकात याचा विचार बारकाईने झालेला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आसन्नप्रसवा स्त्रीची लक्षणे दिली आहेत. कूस सैल पडते. कंबर आणि पाठ यांच्या सभोवार वेदना होतात. मलमूत्राची भावना वारंवार होते. योनिमुखातून चिकट स्राव येतो. चरकसंहितेत तर प्रसववेदनेला ‘आवी’ असे स्वतंत्र नावच आहे. आवी आल्यावाचून जोर करू नकोस, असे जवळच्या जाणत्या स्त्रियांनी गर्भिणीला बजावावे, असे चरक सांगतो. न आलेली शिंक किंवा ढेकर बळेच आणू पाहणे जसे व्यर्थ, तसेच हेही व्यर्थ. इतकेच नव्हे, तर त्याने अपत्याला अपाय होतो, असे त्याचे म्हणणे आहे. या प्राचीन प्रसूतिविद्येची ओळख पाश्चात्त्य वैद्यकाला करून देण्याचे काम पुढे एका मराठी स्त्रीने केले. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फिया येथे एम्. डी. ची पदवी मिळविली, ती आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहून.

चरकाचा हा इशारा किती रास्त होता, याचा दाखला एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत सापडतो. राय नावाच्या धान्यावर अर्गट ही बुरशी वाढते. तिच्या पुडीने गर्भाशय जोराने आकुंचन पावतो, हे न्यूयॉर्क राज्यातील डॉ. जॉन स्टर्न्स यांनी १८०८ साली प्रसिद्ध केले. तासन्‌तास खोळंबलेल्या डॉक्टरांना हे वरदान वाटले. परंतु नैसर्गिक कळ येते आणि ओसरते. दोन कळांच्या मधल्या विसाव्यात बाळाला रक्त मिळते. अर्गटने आवळलेला गर्भाशय हा विसावाच देत नाही. गर्भाशयाचे तोंड तयार नसताना पूड दिली, तर बाळ दगावे आणि क्वचित गर्भाशयही फाटे. पंधरा-सोळा वर्षांच्या आतच न्यूयॉर्कच्या डॉ. डेव्हिड होसॅक यांनी तिला मृत्यूची पूड म्हणावे, असे लिहिले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविण्यापुरताच तिचा उपयोग करावा, असे त्यांचे मत होते.

आता ज्यांचे नाव या खोट्या कळांना जगभर चिकटले आहे, त्या गृहस्थांकडे वळू. डॉ. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स हे लंडनच्या गाय्‌ज रुग्णालयातील प्रसूतितज्ज्ञ. त्यांचा प्रसिद्ध निबंध १८७२ साली छापला गेला. गंमत अशी की, खोट्या कळा ओळखाव्या कशा, हा त्यांचा विषयच नव्हता. गर्भारपण आहे की नाही हे सांगणारी खात्रीची चाचणी त्या काळी नव्हती. पोटावर हात ठेवून काही मिनिटे शांतपणे थांबावे. तिसऱ्या महिन्यापासूनच गर्भाशय मधून मधून घट्ट होतो आणि सैल पडतो. यावरून तो गर्भच आहे, गाठ नव्हे, हे ओळखावे, असे त्यांचे सांगणे होते. म्हणजे ही आकुंचने सर्वच गर्भारपणात चालू असतात. ती कोणाची फसवणूक करावयास येत नाहीत. ‘खोट्या’ हे विशेषण आपल्या अपेक्षेने त्यांना दिले आहे.

मग फरक कोठे? फरक आहे तो परिणामात. खऱ्या कळांत गर्भाशयाचा वरचा भाग आखडत जातो, खालचा ताणला जातो, आणि गर्भाशयाचे मुख पातळ होऊन उघडू लागते. दुसऱ्या प्रकारात पोट कितीही कडक झाले तरी मुख होते तसेच राहते. न्यूयॉर्कचे डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५४ साली हे उघडणे आलेखावर मांडले. सुरुवातीची चाल लांबलचक आणि मंद, नंतरची वेगाची, असे त्यातून दिसले. १९७२ साली फिलपॉट आणि कॅसल यांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात या आलेखावर इशाऱ्याची आणि कृतीची अशा दोन रेषा आखल्या. दूरच्या दवाखान्यातील सुइणीने कोणत्या स्त्रीला मोठ्या रुग्णालयात केव्हा धाडावे, हे त्यांवरून ठरू लागले. डब्लिनचे डॉ. ओड्रिस्कॉल यांनी तर बाळंतपण खरोखर सुरू झाले आहे की नाही, हाच सर्वांत महत्त्वाचा निर्णय मानला. कारण आरंभच चुकला, तर पुढचे घड्याळ सगळेच चुकते.

त्या घड्याळाचाही फेरविचार झाला आहे. मुख तासाला १ सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा दंडक सर्व स्त्रियांना लागू पडत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट केले. वेगाची अवस्था ५ सेंटिमीटरपासून धरावी, आणि केवळ सुरुवात संथ आहे म्हणून औषधे देऊन किंवा शस्त्रक्रिया करून घाई करू नये, असा तिचा सल्ला आहे.

या इतिहासाचा आपल्याशी संबंध काय? भारतात दवाखान्यात होणारी बाळंतपणे २००५-०६ साली शेकडा ३९ होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती शेकडा ८९ वर गेली. ही मोठी कमाई होय. पण जी सुईण घरी येऊन रात्रभर उशाशी बसत असे, ती या बदलात मागे पडली, आणि ‘आता निघावे की थांबावे’ हा निर्णय घरच्या माणसांवर आला. त्यांनी घड्याळ पाहावे. कळांमधील अंतर कमी होत आहे काय? प्रत्येक कळ लांबत आणि जोर धरीत आहे काय? पाणी पिऊन, कूस बदलून, चार पावले चालून त्या निवतात काय? निवल्या, तर बहुधा वाट पाहता येते. मात्र पाणमोट फुटली, रक्त जाऊ लागले, बाळाची हालचाल मंदावली, किंवा ३७ आठवडे पुरे होण्याआधीच कळा नियमित येऊ लागल्या, तर खरे-खोटे करीत घरी बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

आणि दवाखान्यातून ‘अजून वेळ आहे’ म्हणून परत पाठविलेल्या सुनेला कोणी हसू नये. तिला दुखले ते खरेच दुखले. ज्याचा उलगडा करावयास चरकापासून आजवरच्या जाणकारांना थांबून पाहावे लागले, ते तिला पहिल्याच कळेला कसे उमगावे? ती पुन्हा निघू म्हणेल, तेव्हा पुन्हा निघावे.