खाण व्यवस्थापक : पात्रता व प्रशिक्षण
भारतात खाणीचे नियंत्रण, देखरेख व सुरक्षितता यांसाठी कायद्याने उत्तरदायी असलेला अधिकारी. धनबाद, नागपूर आदी ठिकाणी मिळणारी खाण अभियांत्रिकीची पदवी ही केवळ सुरुवात होय. प्रत्यक्ष खाणीत अनुभव घेऊन धनबादस्थित खाण सुरक्षा महासंचालनालयाचे सक्षमता प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्याच्या द्वितीय व प्रथम अशा दोन श्रेणी असून कोळसा व धातुखनिज यांसाठी ते वेगवेगळे असते. कोळसा खाणीच्या उमेदवाराला प्रथमोपचार व वायुपरीक्षणही यावे लागते. वायुपरीक्षणात सुरक्षादीपाची वात बारीक करून ज्योतीवरची फिकट निळी टोपी पाहतात. तिच्या उंचीवरून मिथेनचे प्रमाण कळते. उघड्या खाणींपुरते मर्यादित प्रमाणपत्र भूमिगत खाणीसाठी चालत नाही.